दुर्गाबाईंविषयी

तेल्हारा,
११ ऑगस्ट १९६४

डॉ. शेषराव बोबडे यांना नमस्कार.

इंग्रजीत दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आता मराठीत लिहितो. मराठीत राग नीट लिहिता येतो.

मी इथे तेल्हाऱ्यात दवाखाना चालवतो. मे महिन्यात तुमच्या अमरावतीच्या रुग्णालयात एक बाई पाठवली होती. दुर्गाबाई देवमन गावंडे, पंचविशीची, राहणार पिंपळखेड. बाळंतपणानंतर तिचं बोलणं बंद झालं, झोप गेली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची, पुढे ताट ठेवलं की ताटाला हात जोडायची. मूल मेलेलंच जन्मलं, असं घरच्यांनी मला सांगितलं होतं. मला जमलं ते मी केलं. ते पुरेना म्हणून तुमच्याकडे धाडली. जुलैच्या अखेरीस तुम्ही तिला घरी सोडलं. ही बातमीसुद्धा मला तुमच्याकडून नाही, बाजारात कळली.

परवा तिचे सासरे भगवंतराव गावंडे तिला बैलगाडीत घालून घेऊन आले. मान एका बाजूला पिळलेली, दातखीळ बसलेली, तोंडातून लाळ गळून लुगडं भिजलेलं. पायाला खिळा लागल्याची जखम होती. मी विचारलं, अमरावतीला कोणतं औषध दिलं? भगवंतराव म्हणाले, "औषध काईच नाई देल्लं. करंट देल्ला फक्त." दातखीळ, वाकडी मान आणि पायात खिळा. दुसरा कोणता डॉक्टर काय समजला असता? मी धनुर्वात समजलो आणि त्याचं सिरम दिलं. आधी थोडं टोचून पाहिलं होतं, तरीही ते तिला बाधलं. ओठ निळे पडले, श्वास अडकला. ॲड्रेनॅलिन हाताशी होतं म्हणून बाई वाचली. नसतं तर आज मी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं असतं आणि पोलिसांनी ते वाचलं असतं.

दुपारी तिची मान आपोआप सरळ झाली. धनुर्वातात असं होत नाही. मी सासूबाईंना, मैनाबाईंना, पुन्हा खोदून विचारलं. तेव्हा त्यांनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. "निपचित पडून राह्यते म्हनून तीन-तीन देल्ल्या," म्हणाल्या, ढोराला पेंड घातल्याच्या सुरात.

बाटलीवर तुमच्या रुग्णालयाचा शिक्का आहे, औषधाचं नाव नाही. मला त्या म्हाताऱ्यांची किळस आली. पण ती निदान अडाणी आहेत. तुम्ही कोण आहात? बाईला औषध द्यायचं, आणि तिच्या डॉक्टरला दोन ओळी लिहायच्या नाहीत, हे कुठे शिकवतात?

गोळी कोणती आहे तेवढं कळवा.

श्रावण तायडे


अमरावती,
१९ ऑगस्ट १९६४

डॉ. तायडे,

गोळी क्लोरप्रोमॅझिनची आहे. जास्त झाली की मान, जबडा, जीभ आखडते, लाळ गळते. मात्रा निम्मी करा. सोबत कंप थांबवणारी दुसरी गोळी पाठवतो आहे, ती रोज एक. हे सगळं मी तिच्या सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, आणि तेल्हाऱ्याच्या डॉक्टरांना सांगा असंही बजावलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. मी बंगलोरला मनोविकारांचं शिक्षण घेऊन इथे आलो. तेव्हापासून तुमच्यासारख्या घरच्या डॉक्टरांची पत्रं गोळा होतात. सगळ्यांत एकच ओळ असते: मेंटल केस, योग्य ते करावे. मी ती पत्रं वाचणं सोडून दिलं. तुमचंही त्यांतच गेलं असेल. माझ्यापर्यंत बाई पोचते तेव्हा तिच्या दंडावर कॅल्शियमच्या आणि लिव्हरच्या सुयांची चाळण झालेली असते. दुर्गाबाईचीही झाली होती. तीन महिने तुम्ही तिच्या अशक्तपणावर उपचार केलेत. माणूस जेवत नाही म्हणून अशक्त होतं, आणि जेवत का नाही हे कोणी विचारत नाही. त्याचीही किळस येते, डॉक्टर.

आणि हा आजार बाळंतपणातला मुळीच नाही. भगवंतरावांनी मला सगळी हकीकत दिली. लग्नाआधीपासूनच ही अशी आहे. तिची आईही त्यातलीच. दुसरं मूल सुखरूप असून आजीपाशी वाढतं आहे. तुम्ही स्वतः त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलात म्हणे, की ही सुधारायची नाही. मग पाठवलीत कशाला?

तुमच्याबद्दल ते आणखीही काही बोलले. ते इथे लिहीत नाही.

शे. बोबडे


तेल्हारा,
२७ ऑगस्ट १९६४

डॉ. बोबडे यांना नमस्कार.

गोळ्या पोचल्या. हात अजून थरथरतो, पण मान ठीक आहे. त्याबद्दल आभार.

कॅल्शियमच्या सुयांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्यातल्या निम्म्या माझ्या, निम्म्या अकोटच्या एका गृहस्थांच्या. माझ्या निम्म्यांचं मी काही समर्थन करत नाही.

पण बाकीचं साफ खोटं आहे. मी या बाईला लग्नाआधीपासून ओळखतो. तिची आई पार्बताबाई इथल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर चुलीपाशी उभं राहून तिने मुलीला सातवीपर्यंत शिकवलं. तिच्याइतकं डोकं ठिकाणावर असलेलं माणूस या गावात सापडणं अवघड. दुर्गा लग्नानंतर थोरल्या पोरीला, भागीरथाला, डोळे आले म्हणून दाखवायला आणायची. मी थेंब घालायचे सांगितले की कशाने, किती, का, असं सगळं विचारून घ्यायची. एकदा माझ्या कंपाउंडरने चुकीची बाटली दिली, ती हिनेच परत आणून दिली. ही वेडी होती, आणि मी तसं म्हणत होतो?

आता माझ्याकडचं ऐका. भगवंतरावांनी मला सांगितलं, की अमरावतीच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत, पोराला दुसरी बायको करून द्या असं तेच म्हणाले. मी ते खरं मानलं. तुमच्याबद्दल माझं मत तसंही वाईटच होतं, त्यामुळे जड गेलं नाही.

म्हणजे तुम्हाला माझं नाव सांगायचं आणि मला तुमचं. आपण एकमेकांना ओळही लिहीत नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आपल्या दोघांच्या मधल्या जागेत तो शेती करून राहिला आहे.

माझ्याबद्दल ते जे बोलले आणि तुम्ही लिहिलं नाही, ते मला माहीत आहे. मी काय जातीचा, कोणत्या साली बौद्ध झालो, आणि अशा माणसाचं काय ऐकता, हेच ना? त्यांच्या घरात माझं औषध चालतं. माझं मत चालत नाही. तुमच्याकडे काय चालतं ते कळवा.

श्रावण तायडे


अमरावती,
६ सप्टेंबर १९६४

प्रिय डॉ. तायडे,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

तुमचा अंदाज बरोबर आहे. ते तेच बोलले. मी त्यांना थांबवलं नाही, ऐकून घेतलं.

आणखी एक सांगायला हवं. भगवंतराव जुलैत माझ्याकडे एक दाखला मागत होते. सून कायमची वेडी आहे आणि बरी होणार नाही, असा. नव्या कायद्याने एक बायको असताना दुसरी करता येत नाही, म्हणून आधी हिला सोडायची, आणि सोडायला वेडेपणाचं कारण दाखवायचं. मी दाखला दिला नाही. पण 'बघू' म्हणालो. माझ्या त्या 'बघू'वरच तुमच्यापर्यंतचं सगळं बांधलं गेलं असणार.

माझ्या वॉर्डात एकदा या. व्हरांड्यातसुद्धा खाटा आहेत. बायका जास्त. घरची माणसं दाखल करताना जो पत्ता देतात, त्या पत्त्यावर पत्र टाकलं की 'या नावाचे कोणी नाही' असा शेरा येतो. बऱ्या झालेल्या बायका खिडकीत बसून फाटकाकडे बघतात. गावातले डॉक्टर मला 'येड्यायचा डॉक्टर' म्हणतात, समोर म्हणतात, आणि त्यांना वाटतं मला गंमत वाटते. या सगळ्याची इतकी शिसारी बसली आहे की माणसाची हकीकत विचारणंच मी सोडलं होतं. जो सोबत येईल तो सांगेल ती हकीकत.

पुढचं असं ठरवू. तुम्ही तिला पंधरवड्याने बघा आणि मला लिहा: झोप, जेवण, बोलणं, हाताचा कंप. मी मात्रा कळवीन. नातेवाइकांच्या हाती निरोप द्यायचा नाही. पोस्टाने.

आणि ध्येय एकच ठेवू. तिला तिच्या घरी परत उभी करायची. बाई सासरातून एकदा उठली की तिचं सगळंच उठतं. मी व्हरांड्यात रोज तेच बघतो.

तुमचा,
शेषराव बोबडे


तेल्हारा,
२२ नोव्हेंबर १९६४

आदरणीय बोबडेसाहेबांना सप्रेम नमस्कार.

आज चांगली बातमी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोळ्यानंतर दुर्गा आईकडेच होती हे तुम्हाला कळवत आलोच आहे. गोळ्यांचं काम पार्बताबाईंनी हाती घेतलं. दसऱ्याच्या सुमारास ती नीट बोलायला लागली. वसतिगृहात आईसोबत पोरांच्या पोळ्या लाटायला उभी राहिली. हात थरथरायचा, तर म्हणायची, "नकाशा होऊन राह्यला पोळीचा." एका पोराने मोठ्या पोळीकडे बोट दाखवून विचारलं, हा कोणता देश? तेव्हा ती हसली. मी तिथे होतो. वसतिगृहाच्या त्या धुराने भरलेल्या खोलीत मला डॉक्टर झाल्याचं समाधान वाटलं, फार दिवसांनी.

मग पुढचं पाऊल उचललं. पिंपळखेडला जाऊन भगवंतरावांना भेटलो. ओट्याखाली उभं राहूनच बोललो, वर या असं कोणी म्हटलं नाही. त्यांना सांगितलं, की बोबडेसाहेबांचं आणि माझं दर पंधरवड्याला बोलणं होतं, तुम्ही कोणाला काय सांगितलंत ते दोघांनाही माहीत आहे, आणि दाखला तर या जन्मात मिळणार नाही. दिवाळीनंतर नवरा देवमन येऊन दुर्गेला घेऊन गेला.

जाताना ती गाडीत बसेना. आईचा हात धरून उभी राहिली. सवय मोडली की होतं असं. भागीरथा तिकडे वाट बघते आहे म्हटल्यावर बसली. गोळ्या कशा द्यायच्या ते देवमनला समजावलं.

आपलं जमलं, साहेब.

आपला,
श्रावण तायडे


अमरावती,
१४ डिसेंबर १९६४

प्रिय श्रावणराव,

मनापासून अभिनंदन. गाडीत बसताना घुटमळली हे फारसं मनावर घेऊ नका. आजारी माणसाला बऱ्या जगाची भीती वाटते.

तुमच्या-माझ्या या प्रयोगावर मी गेल्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांच्या मंडळात बोललो. नाव-गाव न सांगता. घरच्या डॉक्टरला माणूस आधी कसा होता ते ठाऊक असतं, मला आजार ठाऊक असतो, दोघं एकमेकांना लिहितील तर किती माणसं वाचतील, असं सगळं. अर्धा तास जीव तोडून बोललो. श्रोते चिवडा खात होते. एका नामांकित सर्जनसाहेबांनी विचारलं, या पत्रव्यवहाराची फी कोण देतं? मोठा हशा झाला. अध्यक्ष म्हणाले, बोबडेंना आता पेशंटांची पत्रंही येऊ लागली, जपून राहा. पुन्हा हशा. मी माझ्यापुढची चिवड्याची बशी परत केली. हीच माणसं उद्या एखाद्या बाईच्या पोटात दुखतं म्हणून पोट फाडतील, आणि फाडून झाल्यावर माझ्याकडे पाठवतील.

एकच झालं. अचलपूरचे एक तरुण डॉक्टर मागे थांबले होते. त्यांनी विचारलं, पत्रात नेमकं काय लिहायचं? मी त्यांना तुमचंच उदाहरण दिलं.

दुर्गाबाईविषयीचं तुमचं या पंधरवड्याचं पत्र आलं नाही. ठीक असेल असं समजतो.

तुमचा,
शेषराव


तेल्हारा,
१८ जानेवारी १९६५

साहेब,

ठीक नव्हतं.

डिसेंबरभर मी देवमनला निरोप धाडत होतो, दुर्गेला दाखवायला आण. तो बाजारात भेटला की म्हणायचा, "मस्त हाय जी ते. काम करून राह्यली." मी मानलं. नातेवाइकाच्या तोंडचं मानायचं नाही हे आपणच ठरवलं होतं, तरी मानलं.

संक्रांतीला पार्बताबाई लेकीला वाण द्यायला पिंपळखेडला गेल्या. त्यांना दारातूनच परत लावलं. त्या तशाच माझ्या दवाखान्यात येऊन बसल्या. मी जीप ठरवली, तिथल्या पोलीस पाटलाला सोबत घेतलं आणि गेलो.

ती कापसाच्या कोठीत होती. बाहेरून कडी. आत छतापर्यंत कापूस आणि कोपऱ्यात तेवढी जागा मोकळी. केस कातरीने कसेतरी कापलेले. तिथेच जेवण, तिथेच सगळं. वास सांगत नाही. कापसाचे पुंजके केसांत, तोंडावर, लुगड्याला चिकटलेले, त्यामुळे आधी मला ती दिसलीच नाही. मी नावाने हाक मारली तेव्हा ढिगाऱ्यातला एक भाग हलला. भागीरथा कडीकडे बघत अंगणात उभी होती. तिला जवळ जाऊ देत नव्हते.

गोळ्यांचं विचारलं तर मैनाबाईंनी उकिरड्याकडे बोट दाखवलं. वर म्हणाल्या, "गोळ्या खाऊन शानी झाली न् मले हिसोब पुसते. असी शानी कोनाले पायजे?"

देवमन कडुनिंबाची काडी चावत उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर थुंकला आणि दुसरीकडे बघायला लागला. मी पुष्कळ घाण पाहिली आहे, साहेब. पटकीच्या साथीत हातांनी काढली आहे. ती धुतली की जाते. त्या अंगणातली माझ्या अंगावरून अजून जात नाही.

तिला आईकडे आणून ठेवली आहे. बोलत नाही. मात्रा कळवा. आणि यावेळी नुसतं कळवू नका. या.

श्रावण


अमरावती,
९ फेब्रुवारी १९६५

प्रिय श्रावणराव,

घरी पोचलो, पण डोक्यातून ते अंगण जात नाही.

दुर्गाबाईला मी पार्बताबाईंकडे पाहिलं तेव्हा तिने माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले. औषध ठरवून दिलं आहेच. शक्यतो विजेचे झटके नकोत. पार्बताबाईंच्या हातून गोळी गेली की पुरेल, हे आपण एकदा पाहिलं आहे.

पिंपळखेडच्या भेटीबद्दल तुम्ही परतीच्या वाटेवर काही बोलला नाहीत. मी बोलतो. भगवंतरावांनी मला ओट्यावर खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. तुम्हाला खाली उभं ठेवलं, आणि गडी तुमच्यासाठी कोनाड्यातला वेगळा पेला घेऊन आला. तुम्ही नको म्हणालात. मी माझा चहा प्यालो. सगळा. कप खाली ठेवल्यावर मला कळलं मी काय प्यालो ते. एकत्र काम करायचं असं आपण सहा महिने लिहितो आहोत, आणि एकत्र उभं राहायची वेळ आली तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. हे लिहिल्याशिवाय पुढचं पत्र लिहिता आलं नसतं.

काम मात्र झालं. दोन डॉक्टर एका तोंडाने बोलतात हे त्या माणसाने पहिल्यांदा पाहिलं. कोंडून ठेवणं गुन्हा आहे, पोलीस पाटील साक्षीदार आहे, हे तुम्ही ज्या थंडपणे सांगितलंत त्याने तो घाबरला. आता तो लेखी द्यायला तयार आहे, की सुनेला नीट नांदवीन, गोळ्या देईन, दर महिन्याला तुमच्याकडे पाठवीन. होळीच्या सुमारास ती सावरेल. तेव्हा तिला पाठवू. या वेळी लगाम आपल्या हातात आहे.

तुमचा,
शेषराव


तेल्हारा,
२ एप्रिल १९६५

दोनी डाक्टर साहेबायले दुर्गाचा नमस्कार.

मी सातवी शिकेल आहो. लिवता येते. हात हालते म्हनून अक्षर असं आलं.

काल तायडे डाक्टर आईले सांगून गेले का रामनवमी झाली का दुर्गाले सासरी धाडू, मोठ्या डाक्टरानं बी तसंच लिवलं, सासऱ्यानं लिवून देल्लं. मी चुलीपाशीच होती. मले कोनी नाई इचारलं. म्हनून लिवून राहिली.

तुमी दोघंजन माह्याबद्दल लय लिवता. आई म्हन्ते त्यायच्या पत्रानं तू वाचली. वाचली ते खरं हाय. गोळ्यायनं झोप येते ते बी खरं. पन मले एक सांगा. मी येडी कावून झाली, हे तुमी दोघायनं बी मले कधी इचारलं का? सासऱ्याले इचारलं. सासूले इचारलं. आईले इचारलं. तवा माह्यं तोंड बंद होतं. मंग उघडलं तरी नाई इचारलं. पोळी करून राह्यली, हासून राह्यली, झाली बरी.

माह्यी दुसरी पोरगी मेलेली नोती झाली. जित्ती होती. आईले बी मेलेलीच सांगतलं होतं. मी तिले जाई म्हनत होती. म्हैनाभर होती ते. मंग तिले ताप आला, झटके येऊन राह्यले. मी म्हनलं गाडी जुपा, तेल्हाऱ्याले तायडे डाक्टरकडे नेतो. सासरा म्हने पोट्टीसाठी बैल कोन थकवन, न् त्या डाक्टरच्या दारात बायकायले कावून धाडाव. मी पाई निंगाली तर दार लावलं. ते माह्या मांडीवर गेली. मी रडली तर सासू म्हने घरात लग्न हाय पावन्याचं, आवाज नोको. मी आवाज नाई केला. मंग माह्या तोंडातून आवाज निंगालाच नाई.

आता आई म्हन्ते सासऱ्यानं तायडे डाक्टरले सांगतलं पोरगी मेलेली झाली, न् अमरावतीले सांगतलं आजीपासी हाय. अमरावतीले मी समोरच बसेल होती. मी आयकलं ते. तुमी लिवून घेतलं, मोठे डाक्टर. मले तुमची बी घिन आली, तवा मी डोये मिटले. परत आले तवा बी तेच कारन.

जिथं माह्यी पोरगी मारली तिथंच मले नीट करून धाडता तुमी. दोनदा धाडली. घरी धाडता म्हन्ता. ते माह्यं घर कसं होईन?

मी जानार नाई. गोळ्या खाईन. काम करीन. मले भागीरथा पायजे. ते आनता येत असन तर आना.

तुमच्यावर राग हाय. उपकार बी हाय.

दुर्गा


तेल्हारा,
२० मे १९६५

प्रिय शेषराव,

दुर्गाबाईंचं पत्र मी तुम्हाला पाठवलं, त्यावर तुमची दोनच ओळींची चिठ्ठी आली. मलाही त्याहून जास्त लिहिता आलं नसतं. मग मी आपली सगळी पत्रं काढून वाचली. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मूल मेलेलं जन्मलं. तुम्ही उत्तरात लिहिलं, मूल आजीपाशी आहे. म्हाताऱ्याचं बाकीचं खोटं मी मोजून काढलं आणि या एवढ्या मोठ्या खोट्यावरून तुम्ही-मी दोघंही पुढे गेलो. माझ्या कंपाउंडरने बाटली चुकवली ते मला आठवलं. एक अख्खं लेकरू कुठे गेलं ते विचारावंसं वाटलं नाही.

आता पुढची हकीकत. भगवंतरावांनी कायद्याची, दाखल्याची कशाचीच वाट पाहिली नाही. याच महिन्यात अचलपूरकडची एक मुलगी आणून, हार घालून देवमनचं दुसरं लग्न लावलं. गाव जेवायला होतं. पोलीस पाटीलही होता. फिर्याद करायची तर ती दुर्गाबाईंनी करायची, त्या नाही म्हणतात. त्यांना त्या अंगणाचं नाव घ्यायचीही किळस येते. मला मात्र त्या नव्या मुलीची काळजी वाटते. तिकडचे ते तुमचे तरुण डॉक्टर तिच्या माहेरच्या ओळखीचे निघतात का, बघा. तिच्या घरच्यांशी कोणीतरी बोलून ठेवायला हवं.

भागीरथा आली. तिच्यासाठी मी वकील पाहून ठेवला होता, भांडायची तयारी केली होती. काही लागलं नाही. नवी सून आली त्याच आठवड्यात देवमनने पोरीला वसतिगृहाच्या फाटकापाशी उतरवलं आणि गाडी वळवली. पोरगीच होती, कोणाला नको होती. आपण दोघं मिळून जे मिळवू शकलो नसतो ते त्यांच्या नालायकपणाने फुकट मिळालं. यावर आनंद कसा करायचा ते मला कळत नाही. दुर्गाबाईंना कळलं. त्यांनी पोरीला उचललं आणि आत नेऊन आधी जेवायला वाढलं.

यापुढे एक बदल करू. त्यांच्याविषयीचं पत्र पाकिटात घालण्याआधी त्या वाचतील. तुमचं आलं की तेही त्यांना दाखवीन. हे पत्र त्या आत्ता माझ्या समोर बसून वाचत आहेत. इथवर वाचलं आणि म्हणाल्या, पेन द्या. मी खाली लिहिलं होतं, 'दुर्गाबाई आता पूर्ण बऱ्या आहेत.' ते त्यांनी खोडलं. तिथे त्यांच्या हातचं हे आहे:

झोप येते. जेवन जाते. हात हालते. जाईची याद आली का दोन दिवस पोळी लाटवत नाई, तवा आई लाटते. हे बरं होनं हाय का नाई ते मोठ्या डाक्टरानं मलेच लिवून पुसावं.